हाव म्हणजे हो

रेखाची माय,

तुझं तेरावं झालं. पाव्हणे गेले. घरात आता मी आणि तुझा फोन. आपली रेखा हाय अजून दोन-चार दिस, मग ती भी लातूरला जाईल. काल दुपारी तुझा फोन आपोआप उजळला आणि वर अक्षरं आली, ‘पुलावर कुणीतरी तुमची वाट बघत आहे.’ माझ्या हातातला चहा सांडला. मग ध्यानात आलं, हा तुझा तो खेळ. वाट बघायला भी यंत्र लावून ठेवलंय लोकांनी. मला हे पटलेलं न्हाई, आधीच सांगून ठेवतो.

रेखाला माझ्याकडून एक उत्तर पाहिजे. त्या खेळात पुलावर जी म्हातारी बसलेली हाय, जिच्या तोंडात तुझं बोलणं घातलंय, ती ठेवायची का काढायची. आतापर्यंत खेळ चार ओळखीच्या लोकांपुरता होता. आता तो सगळ्यांसाठी खुला होणार हाय. मग कुठला कोण तिच्यापुढं येऊन उभा राहील, काय काय बोलंल. रेखा म्हणली, "दादा, तुम्ही न्हाई म्हणलात तर मी तिला काढते. दुसरी म्हातारी लिहिते. पण मी जायच्या आत सांगा." म्हणून लिहायला बसलोय. तुला विचारल्याशिवाय मी कधी कुणाला हाव म्हणलो न्हाई, आणि आता तू सांगत न्हाईस.

मजेशीर बोलणाऱ्यावर माझा पहिल्यापासून शक, हे तुला माहीत हाय. आपला फुलांचा धंदा. पहाटे तोडलेला गुलाब दुपारनंतर कुणी विचारत न्हाई. नांदेडच्या बाजारात अडत्याच्या काट्यावर पोतं ठेवलं की आपला जीव त्याच्या हातात. आणि आपला अडत्या कोण, तर गफूरभाई. वजन करता करता असं काही बोलायचा की बाया पदर तोंडाला लावून हसायच्या, तू संगं असलीस की तू भी. मी हसायचो न्हाई. मी काट्याकडं बघायचो. मला वाटायचं, हा हसवतो कामून? हसण्यात नजर हटली की बोट लागतं काट्याला. एक दिस मी चोरून आपलं झेंडूचं पोतं आधी दुसऱ्या काट्यावर घालून बघितलं, मग त्याच्याकडं नेलं. वजन बरोबर निघालं. घरी येऊन तुला सांगितलं तर तू म्हणलीस, "मग आता मागचं सगळं हसून घ्या एकदम."

तर असा मी. आणि तुझी दवाखान्याची भानगड सुरू झाली. दवाखाना लातूरला, रेखाचं घर लातूरला, म्हणून तू तिच्याकडं राहिलीस. मी इथं मुदखेडला, फुलं कुणावर सोडणार. सांजच्याला फोन करायचो. एक दिस तुझा आवाज यायच्या आधी तुझं हसणं आलं.

"कोण हसून राहिलं?"

"मीच की."

"कुणासंगं?"

"पुलावरच्या म्हातारीसंगं."

"रेखाच्या घरापशी कुठला पूल आला?"

"फोनातला पूल हाय. आन् म्हातारी मीच हाय."

मला वाटलं गोळ्या जास्त झाल्या. म्हणलं, रेखाकडं फोन दे. रेखा भी हसत होती. दोघी मायलेकी मिळून माझी गंमत करून राहिल्या असं वाटून मी फोन ठेवला. रात्रभर डोक्यात तेच. दवाखान्यातनं आलेलं माणूस हसतंय कशाला?

मग रेखानं मला समजावलं. तोवर मला एवढंच माहीत होतं की पोरगी घरात बसून कम्प्युटरवर पुण्याच्या कंपनीचं काम करती. ती म्हणली, "दादा, खेळात जी माणसं असतात ना, त्यांचं बोलणं मी लिहिते."

"बोलणं लिहायचा पगार देतात?"

"हाव."

"तुझ्या मायला आजवर कुणी दिला न्हाई."

खेळ असा की आपण निरोप्या व्हायचं. एका गावचा निरोप घेऊन दुसऱ्या गावाला निघायचं. वाटेत माणसं भेटतात. ती बोलली की आपल्यापुढं खाली दोन-तीन उत्तरं लिहून येतात, त्यातलं एक बोटानं दाबायचं. जसं उत्तर, तसा पुढचा रस्ता. एखाद्याशी नीट बोललं तर तो घरात घेतो, वाकडं बोललं तर कुत्रं सोडतो. मारामारी भी हाय, पण रेखा म्हणती ह्या खेळाचा जीव बोलण्यात हाय. खेळून बघणारे लढाई अर्धी सोडून बोलायला परत येतात. माझा तर ह्याच्यावर विश्वासच बसला न्हाई. लढाई सोडून बोलत बसणारं लष्कर मी कुठं ऐकलं न्हाई.

पुलावरची म्हातारी रेखानं आधी आपल्या मनानं लिहिली होती. तिनं तुला वाचून दाखवली. "हे वाटसरू, तुझ्या प्रवासाचे प्रयोजन काय?" तू अंथरुणातनं उठून बसलीस, असं रेखा सांगती. म्हणलीस, "ही म्हातारी हाय का तहसीलदार?"

"मग तू काय म्हणली असती, माय?"

"मी आधी त्याच्या पायाकडं बघितलं असतं. म्हणलं असतं, लेकरा, चपला पार फाटल्या तुझ्या. निरोप पोचंल, तूच पोचायचा न्हाईस."

तिथनं जे सुरू झालं. रेखा विचारायची, तू पडल्या पडल्या बोलायची, ती लिहून घ्यायची. निरोप्या विचारतो, हा पूल कुठं जातो आजी? म्हातारी म्हणती, "पूल कुठं जात न्हाई बाबा. माझ्या लग्नापासून इथंच हाय. जायचं तर तुलाच लागंल." हे तू मला फोनवर सांगितलंस आणि वर म्हणलीस, "हसा की." मी म्हणलं, ठीक हाय. मनातनं चांगलं वाटलं होतं. पण मी काट्याकडं बघणारा माणूस.

आपलं भांडण तिथंच लागलं. मी म्हणलं, हे बोलणं न्हाई. हे आधीच लिहून ठेवलंय. राजा येवो का चोर येवो, म्हातारी तेच बोलणार. तिला समोरचं माणूस दिसतंय थोडंच. लोकाला वाटतंय ती आपल्याशी बोलून राहिली, आणि ती भिंतीशी बोलती. ही फसवणूक हाय.

तू म्हणलीस, "आवो, तुमचं तरी काय निराळं हाय? ‘भाकर झाली का’, ‘पाणी बघून येतो’ आन् ‘बरं’. तीन उत्तरं. सारा जन्म तीच दाबून राहिले. मी काय म्हणलं का, की हे भिंतीशी लगीन झालं?"

मी म्हणलं, "बरं."

तू इतकी हसलीस की खोकला आला.

मग तू उखाण्याचं काढलंस. रेखाच्या लग्नात बायांनी तुला नाव घ्यायला लावलं होतं आणि तू म्हणली होतीस, "मुदखेडच्या टेसनात गाड्या थांबतात चार, माणिकराव बोलत न्हाईत, पण ऐकतात फार." सगळा मांडव हसला. मला आजपर्यंत कळलं न्हाई ती तारीफ होती का टोमणा. तू म्हणलीस, "तो उखाणा मी आठ दिस आधी जुळवून पाठ केलता. पाठ केलता म्हणून नाव दुसऱ्याचं झालं का? लिहिलेलं हाय म्हणून खोटं कसं होतंय?" मला उत्तर सुचलं न्हाई. अजून सुचलं न्हाई. पण न सुचणं म्हणजे कबूल करणं नव्हं, एवढं ध्यानात ठेव.

मधात तू थोडे दिस घरी आलीस, तेव्हा तर तुझं तसंच सुरू झालं. ताट वाढून समोर बसायचीस. "आता तुमच्यापुढं तीन उत्तरं हायत. एक, भाजीत मीठ जास्त झालं. दोन, भाजी चांगली झाली. तीन, काहीच न बोलता उठून जाणं." मी दुसरं म्हणणारच होतो. पण तू तोंडाकडं बघून राहिलीस, मला लाज वाटली आणि मी हात धुवायला उठलो. मागनं आवाज आला, "दाबलं का तिसरंच."

आणि तो ‘हाव’चा घोटाळा. तो तर मी गफूरभाईला भी सांगितलाय.

खेळ थोडा तयार झाल्यावर रेखानं तुझ्या फोनात घालून दिला. तू तुझ्याच म्हातारीपुढं निरोप्या होऊन उभी राहिलीस. म्हातारी म्हणली, भूक लागली का? खाली उत्तर होतं ‘हाव’. तू दाबलंस. म्हातारी म्हणली, भाकर देऊ का? तू दाबलंस ‘हाव’. पाणी पाहिजे का? ‘हाव’. आणि वर लिहून आलं, ‘तुमची हाव वाढली आहे.’ म्हातारीनं पूल बंद केला. हावरटाला पलीकडं सोडायचं न्हाई, असा त्या खेळाचा कायदा हाय.

झालं असं, की त्या खेळात माणसाचे गुण मोजतात. दया, धाक, इमान आणि हाव. रेखानं आपल्याकडचं ‘हाव’ लिहिलं, म्हणजे हो. कंपनीतल्या पोरांना वाटलं हा तो चौथा गुण. त्यांनी तसं यंत्रात बसवून टाकलं. त्या पोरांच्या भाषेत हाव म्हणजे लालूच. त्यांचं भी काय चुकलं? शाळेत तेच शिकवतात.

तू मला फोन लावलास आणि म्हणलीस, "आवो, आपण सगळे हावरट निघालो. सारा मराठवाडा. दिवसातनं किती बार म्हणतो आपण."

मग पुण्याच्या पोरांनी सगळीकडं ‘हो’ करून टाकलं. तू भडकलीस. "‘हो’ म्हणायला मी काय शाळेतली बाई हाय? माझी म्हातारी हाव म्हणणाऱ्याशीच बोलंल." रेखाला सगळं परत करावं लागलं, आणि लालूच मोजणं काढावं लागलं. त्या दिवशी तुझी तब्येत काय होती हे मला आता कळलंय. तेव्हा तुम्ही दोघींनी सांगितलं न्हाई.

इथंच माझा खरा शक हाय, रेखाची माय. पहिल्या दिवसापासून होता. रेखाला डॉक्टरांनी सगळं सांगितलं होतं. तुला भी माहीत होतं. एकट्या मला माहीत नव्हतं. आणि रोज सांजच्याला मी फोन केला की तुझं हसणं आधी यायचं. आता मी विचार करतो, ते हसणं तुझं होतं का माझ्यासाठी तयार करून ठेवलेलं? फोन वाजला की हसायचं, असं भी लिहून ठेवलं होतं का तुम्ही मायलेकींनी? रेखाला विचारलं तर ती म्हणली, "दादा, माय खरंच हसायची." पण ती बोलणं लिहायचा पगार घेणारी पोरगी. मी काय समजावं?

तेराव्याला गफूरभाई आला होता. सतरंजीवर बसला आणि तोंडच उघडलं न्हाई. मी त्याला आजवर गप बघितलं नव्हतं. निघताना म्हणला, "माणिकराव, तुम कभी हसे नै. भाभी हसती थी, तो मैं तुमकू सुनाता था. अब किसकू सुनाऊं?" म्हणजे तो जे बोलायचा ते तुला हसवायला, आणि ऐकवायचा मला. मी उगाच काट्याकडं बघत राहिलो.

काल दुपारी फोन उजळल्यावर मी तो खेळ उघडला. रेखानं अक्षरं मोठी करून दिली. मी निरोप्या झालो. माझं वाचणं तुला माहीत हाय, चौथीतलं, बोट ठेवून. टीव्हीवरची माणसं माझ्यासाठी थांबत न्हाईत, फडाफडा बोलून निघून जातात. ही म्हातारी थांबती. मी उत्तर दाबत न्हाई तोवर बसून राहती, पदर नीट करती, पाण्याकडं बघती. मला हे आवडलं न्हाई म्हणलं तर खोटं होईल. पण आवडलं म्हणून मी शक सोडला न्हाई. आवडतंय म्हणूनच जास्त धरला.

मी ठरवलं, एक एक वाक्य तपासायचं. हे तुझं, हे रेखाचं, हे पुण्याचं. निरोप्यानं पाण्याचा हंडा उचलून दिला तर म्हातारी म्हणली, "धन्यवाद." मी रेखाला हाक मारली. म्हणलं, तुझ्या मायनं आयुष्यात कुणाला धन्यवाद म्हणलं असंल तर मी मिशी काढतो.

रेखा वरमली. "ते मी घातलं, दादा. मायनं तिथं काहीच सांगितलं नव्हतं."

"मग तिथं काहीच नको. तिनं हंडा घ्यावा आन् म्हणावं, ‘हळू, सांडशील.’"

रेखानं लिहून घेतलं. "दादा, तुम्हाला भी कंपनीत घ्यावं लागंल."

मग मी वाईटातलं वाईट उत्तर दाबून बघितलं. माझी भीती तीच होती, कुणी भी येऊन तुला टाकून बोलंल. उत्तर होतं, ‘ए म्हातारे, बाजूला हो.’ दाबताना बोट जड झालं. म्हातारीनं मान भी वळवली न्हाई. "बाजूलाच हाय मी. मधात तुझं तोंड हाय." मी एकटाच हसलो. रेखा स्वयंपाकघरातनं बघायला आली की दादांना काय झालं.

म्हणजे टाकून बोलणाऱ्याचं तू बघून घेशील. ती भीती गेली. शक ऱ्हायला. हे सगळं तुझं असंल भी, पण ह्यात तू हायस का? हुशारीचं बोलणं एक गोष्ट, ते तर गफूरभाईकडं भी हाय.

आज सकाळी पुढं गेलो. पुलावर ऊन आलं होतं. उत्तरांत एक होतं, ‘आजी, तुमचे मालक कुठं हायत?’ दाबलं.

म्हातारी म्हणली, "गेलेत पाणी बघायला. रोज अंधारात उठून जातात, काठी घेऊन. आता तूच सांग बाबा, पाणी बघायला काठी कशाला लागती? आन् पाण्याचा कॉक ह्या टोकाला, हे जातात त्या टोकाला. जिथनं मला तोडणी सुरू करायची असती, तिथं. ताटवा ताटवा ठोकत जातात. मी काय बोलत न्हाई. मी म्हणते, बरं."

मी फोन खाली ठेवला.

तू नवी नवरी होऊन आलीस त्या साली गुलाबाच्या ताटव्यात तुला लांबडं दिसलं होतं, फणा काढलेलं. तू त्याचं नाव भी घेत नव्हतीस पुढं कधी. तेव्हापासनं मी तुझ्या आधी जाऊन काठीनं ठोकून यायचो. कुणाला सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर तू फुलं तोडायला आलीच नसतीस, आणि मला एकट्याला ते शेत खायला उठलं असतं. पाणी बघून येतो म्हणायचो. मला वाटायचं तुला ठाऊक न्हाई.

रेखाला बोलावलं. विचारलं, हे कुणी लिहिलं? ती म्हणली, "मायनंच सांगितलं. मला तो इनोद वाटला. पाण्याला काठी कशाला हो, दादा?"

म्हणलं, "असंच."

तिला माहीत न्हाई, म्हणजे तिनं घातलेलं न्हाई. पुण्याला माहीत असायचा प्रश्नच न्हाई. मी काटा दोनदा बघितला. वजन बरोबर निघालं.

फोन परत हातात घेतला तर म्हातारी थांबलेलीच होती. खाली उत्तर होतं, ‘तुम्ही त्यांना सांगितलं का, की तुम्हाला माहीत हाय?’ दाबलं.

"सांगितलं तर उद्यापासनं काठी लपवून नेतील," म्हातारी म्हणली. मग जरा थांबून, "अजून थोडं बसतोस का?"

खाली तीन उत्तरं. ‘हाव.’ ‘न्हाई आजी, उशीर झाला.’ आणि तिसरं, ‘काही न बोलता निघून जा.’ तुझ्या हसण्याचं मला काही कळलं न्हाई, रेखाची माय. खरं होतं का माझ्यापुरतं होतं, ते तू घेऊन गेलीस. पण पाण्याची गोष्ट तू इतकी वर्षं धरून बसलीस आणि शेवटी कुठं सांगितलीस, तर पुलावर, कुणा भी निरोप्याला. मी तुला ताटव्यात सांगितलं न्हाई, तू मला घरात सांगितलं न्हाई. आपलं असंच.

मी पहिलं दाबलं.

वर अक्षरं आली, ‘तुमची हाव वाढली आहे.’ आणि म्हातारीनं पूल बंद केला.

रेखा माझ्या खांद्यावरनं बघून राहिली होती. "अरे, हे एक राहूनच गेलं. सगळीकडचं काढलं, इथलं कसं राहिलं. थांबा दादा, आत्ता दुरुस्त करते."

"करू नको," मी म्हणलं.

"पण पूल बंद झाला की तुम्हाला पलीकडं जाता येत न्हाई. तिच्यापशीच बसून राहावं लागतं."

"बरोबर लिहिलंय त्या यंत्रानं. राहू दे."

रेखानं पुढं केलेला हात मागं घेतला. मग हळूच विचारलं, "मग दादा, म्हातारी ठेवायची?"

"हाव."